डिअर स्ट्रीट : चेव्हियट टेकड्यांमधील अवशेष

डिअर स्ट्रीट हा उत्तर इंग्लंड व दक्षिण स्कॉटलंड यांना जोडणारा प्राचीन रोमन लष्करी रस्ता होय. तो यॉर्कहून (रोमन नाव इबोराकम) निघून कॉरब्रिजमार्गे उत्तरेकडे फोर्थ खाडीच्या दिशेने जात असे. अग्रिकोला हा ब्रिटनचा रोमन प्रांताधिपती असताना, इ.स. ८० च्या सुमारास, त्याच्या सैन्याने उत्तरेत मुसंडी मारली, त्या मोहिमेशी या रस्त्याची उभारणी निगडित आहे. सखल भागातील रस्ता बहुतांशी नांगराखाली गेला किंवा आधुनिक डांबरी रस्त्याच्या पोटात गडप झाला. कॉरब्रिजच्या उत्तरेस ए-६८ हा महामार्ग बराच अंतर त्याच्याच रेषेवरून धावतो. सीमेवरच्या चेव्हियट टेकड्यांत मात्र जमीन शेतीला नालायक, केवळ मेंढ्या चारण्याजोगी असल्यामुळे रस्त्याचे मूळ रूप अजून ओळखता येते.

या भागात फरसबंदी पाहायला मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशाच होते. दिसतो तो दोन्ही बाजूंना चर असलेला, मध्यभागी किंचित फुगीर असा मातीदगडाचा लांबच लांब बांध. खाली मोठ्या दगडांचे सोलिंग आणि वर बारीक खडीचा थर दाबून तो तयार केलेला असे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मध्य उंच ठेवीत. बांधावर पाणी ठरत नसल्याने तेथे आखूड हिरवे गवत वाढते, तर बुजलेल्या चरांत लव्हाळे माजते. त्यामुळे उंचवटा जवळजवळ झिजून गेला असला तरी कलत्या उन्हात रस्त्याची रेषा रंगावरूनही ओळखू येते. दगड व खडी लांबून आणलेली नाही, हे रस्त्याकडेच्या खड्ड्यांवरून कळते. चेव्हियटच्या बरेच उत्तरेस, एडिनबराच्या वाटेवरील सूट्रा टेकडीजवळ रस्त्याला लागूनच असे खाणखड्डे आहेत.

रोमन रस्ते नाकासमोर सरळ जातात, ही समजूत डोंगराळ भागापुरती तरी दुरुस्त करायला हवी. मोजणीदार उंचवट्यावरून पुढची दिशा धरत आणि दोन उंचवट्यांमधील टप्पा शक्यतो सरळ ठेवत. पण जेथे चढ बैलगाडीला झेपणारा नसे, तेथे ते बिनदिक्कत वळण घेत. वोडन लॉ या टेकडीच्या कुशीतून केल नदीच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता उतार कापून काढलेला आहे. याच टेकडीवर लोहयुगीन किल्ला असून त्याभोवतीचे बांध-खंदक म्हणजे रोमन सैनिकांनी वेढ्याच्या सरावासाठी केलेले काम, असे पूर्वी मानले जाई. हा तर्क आता बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही, आणि तो मुळातच जरा जास्त आकर्षक होता. खोऱ्यापलीकडे पेनीम्यूर येथे मात्र रोमन सैन्याच्या तात्पुरत्या छावण्यांचे मातीचे तट स्पष्ट उभे आहेत, आणि एका मोठ्या छावणीच्या आत नंतरची लहान छावणी कोपऱ्यात बसवलेली दिसते.

कोकेट नदीच्या उगमाजवळील च्यू ग्रीन येथील अवशेष सर्वांत गुंतागुंतीचे आहेत. वेगवेगळ्या काळातील छावण्या व एक छोटी गढी तेथे एकमेकींवर चढलेल्या असून, कोणता बांध कोणत्या बांधाला छेदतो हे पाहूनच त्यांचा क्रम लावावा लागतो. त्यांतच मध्ययुगीन वस्तीच्या खुणा मिसळल्या आहेत. त्या काळी हा मार्ग गॅमेल्सपाथ या नावाने ओळखला जाई आणि १२४९ च्या सीमाकायद्यांत इंग्लंड व स्कॉटलंड या दोन्ही राज्यांतील लोकांचे तंटे मिटवण्याच्या ठिकाणांत त्याची गणना झाली आहे. पुढे स्कॉटलंडची गुरे इंग्लंडच्या बाजारांकडे हाकणाऱ्यांनीही चेव्हियटमधील या जुन्या वाटा वापरल्या. जनावरांच्या खुरांनी व पाण्याने तयार झालेल्या खोलगट, समांतर वाटांना हौशी पर्यटक सर्रास ‘रोमन रस्ता’ म्हणतात. प्रत्यक्षात रोमन बांध बहुधा त्यांच्या शेजारी, कमी ठळकपणे पडलेला असतो.

सूट्रा येथे स्कॉटलंडचा राजा चौथा माल्कम याने बाराव्या शतकात या रस्त्यालगत रुग्णालय व धर्मशाळा स्थापन केली, यावरून रोमन गेल्यानंतर कित्येक शतकांनीही त्यावरील वर्दळ कायम होती हे उघड आहे.

च्यू ग्रीनचा परिसर सध्या ब्रिटिश लष्कराच्या ऑटरबर्न सराव क्षेत्रात येतो. लष्कर १९११ पासून हा प्रदेश वापरत आहे. गोळीबाराच्या सरावाच्या दिवशी लाल निशाणे लावली जातात व क्षेत्रातील वाटा बंद असतात, म्हणून अवशेष पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी सरावाचे वेळापत्रक आधी तपासणे आवश्यक ठरते.