एसीई इनहिबिटर: एका एन्झाइमची दोन नावं

एसीई इनहिबिटर म्हणजे अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइमला (एसीई) रोखून रक्तदाब उतरवणारी औषधं. मूत्रपिंडाच्या अर्काने रक्तदाब चढतो हे १८९८मध्येच दिसलं होतं आणि त्यातल्या पदार्थाचं रेनिन हे नावही तेव्हाचंच. पुढची चार दशकं त्याकडे फारसं कुणी वळलं नाही. मग रेनिनमुळे तयार होणारा पदार्थ दोन देशांत एकाच सुमारास सापडला आणि त्याला अँजिओटोनिन व हायपरटेन्सिन अशी दोन नावं पडली. १९५८मध्ये दोन्हींचे तुकडे जोडून अँजिओटेन्सिन झालं. तो घोळ मिटला.

एन्झाइमच्या नावाचा घोळ मात्र अजून नडतो. अँजिओटेन्सिन-एकचं अँजिओटेन्सिन-दोन करणारं एन्झाइम १९५६मध्ये सापडलं. रूपांतर करतं म्हणून ते ‘कन्व्हर्टिंग’. ब्रॅडिकायनिनवर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या पदार्थावर काम करणारी मंडळी वेगळी. तो मोडणाऱ्या एका एन्झाइमला त्यांनी कायनिनेज-दोन म्हटलं. १९७०च्या सुमारास कळलं की दोन्ही एकच! वाहिन्या आवळणारा पदार्थ घडवायचा आणि सैल करणारा मोडायचा, ही दोन्ही कामं त्याचीच. नाव टिकलं ते पहिल्या कामाचं.

गंमत म्हणजे औषधाची वाट दुसऱ्या कामावरून गेली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढतो, हे १९६५मध्ये प्रसिद्ध झालं. तेच विष कन्व्हर्टिंग एन्झाइमलाही रोखतं हे त्यानंतर लक्षात आलं. विषातल्या पेप्टाइडवरून, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवरून केलेल्या टेप्रोटाइडने रक्तदाब उतरला, पण ते फक्त टोचूनच देता येई. एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. त्याला गंधकाने धरून ठेवणारा छोटा रेणू मुद्दाम रचला गेला. तो कॅप्टोप्रिल, पोटातून घेता येणारा. १९८१मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

सुरुवातीला डोस भरमसाट होते. पुरळ, जिभेची चव जाणं, क्वचित पांढऱ्या पेशी घटणं अशा तक्रारी आल्या आणि ठपका गंधकावर आला. तो पूर्ण न्याय्य नव्हता, कारण डोस उतरवल्यावर तक्रारीही बऱ्याच उतरल्या. १९८५मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एनालाप्रिलमध्ये गंधक नाही, पण कोरडा खोकला त्यातही राहिला. तो गंधकाचा नव्हताच. न मोडलेलं ब्रॅडिकायनिन साचल्याने तो येतो, असं आज बहुतेक मानतात. १९९५मध्ये आलेलं लोसार्टन एन्झाइमला हात न लावता थेट अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा अडवतं. त्याने खोकला क्वचितच येतो आणि रक्तदाब जवळपास तितकाच उतरतो. म्हणूनच एसीई इनहिबिटरने उतरलेल्या दाबात ब्रॅडिकायनिनचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही.