छोटी गिटार घेताय? मग लाकडाबद्दल हे आधी वाचा

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की रोझवुडची घेऊ का महोगनीची, आणि विचारताना बोट असतं गिटारच्या पाठीकडे. पाठ दिसते सुंदर, मान्य आहे, पण आवाज मुख्यतः ठरतो तो पुढच्या पातळ फळीवर, जिला आम्ही टॉप म्हणतो. तानपुऱ्याला जशी तबली तसं गिटारला टॉप. आम्ही फक्त छोट्या गिटारी बनवतो, पार्लर आणि डबल-ओ साइझच्या, तेव्हा खाली जे लिहिलंय ते त्याच साइझला धरून आहे, ड्रेडनॉटला, म्हणजे नेहमी दिसते त्या मोठ्या गिटारला, जसंच्या तसं लावू नका.

आधी साइझचं बोलू, कारण लाकडाकडून नको त्या अपेक्षा इथूनच सुरू होतात. सहावी तार मोकळी छेडली की तिचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. ड्रेडनॉटच्या पोटातली हवा ढोबळमानाने १०० हर्ट्झजवळ घुमते, छोट्या गिटारमध्ये हवाच कमी म्हणून ही घुमण्याची जागा वर सरकते, ११०-१२० कडे, म्हणजे सहाव्या तारेच्या या खालच्या ई सुराला पोटाची मदत कमी मिळते आणि तो सूर आपल्याला जास्त करून त्याच्या हार्मोनिक्समधूनच, म्हणजे वरच्या उपसुरांमधूनच, ऐकू येतो. हे कुठलंही लाकूड लावलं तरी बदलत नाही. रोझवुड घेतलं की छोटीला मोठीचा बेस येतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. छोटीची गंमत वेगळी आहे, मधले सूर अगदी जवळ येतात, प्रत्येक तार सुटी सुटी ऐकू येते, फिंगरस्टाइलला, म्हणजे बोटांनी वाजवायला, मस्त, आणि कोणी गात असेल तर गिटार त्याच्या आवाजावर चढत नाही.

आता टॉप. या फळीला दोन उलट्या गोष्टी करायच्या असतात. बारा नंबरच्या लाइट सेटचा, म्हणजे नेहमीच्या स्टीलच्या सहा तारांचा, एकूण ताण फुल साइझ गिटारवर साधारण ७० ते ७५ किलो असतो, तो वर्षानुवर्षं सहन करायचा, वाकायचं नाही, आणि त्याच वेळी इतकं हलकं राहायचं की बोटाच्या नुसत्या स्पर्शानेही हललं पाहिजे. म्हणून ताठ पण हलकं लाकूड लागतं आणि त्यात स्प्रूसचा हात धरणारं फार कमी आहे. सिटका स्प्रूस अलास्का आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर होतो, वजन घनमीटरला साधारण ४२५ किलो, पहिल्या महायुद्धात विमानांचे सांगाडे याच लाकडाचे करायचे, कारण तेच, वजनाच्या मानाने ताकद. स्प्रूसचा आवाज स्वच्छ असतो, हळू वाजवा किंवा जोरात, तो फाटत नाही. वेस्टर्न रेड सीडर अजून हलका, ३७० च्या आसपास, आणि मऊ. स्पेनमधल्या होजे रामिरेझ तिसरे यांनी १९६० च्या दशकात क्लासिकल गिटारला सीडरचं टॉप लावायला सुरुवात केली आणि तिथून ते रुळलं. सीडर हलक्या हाताला लगेच बोलतो, आवाज गोल आणि उबदार, पण पिकने जोरात स्ट्रमिंग केलं की एका मर्यादेनंतर आवाज वाढायच्या ऐवजी दबल्यासारखा होतो. आमचं प्रामाणिक मत, नखांनी किंवा बोटांनी वाजवणाऱ्याने छोट्या गिटारमध्ये सीडर एकदा ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

तिसरा पर्याय महोगनीचं टॉप. हे जड, ५५० ते ६०० च्या घरात, त्यामुळे उत्तर थोडं उशिरा येतं, वरची चमक कमी होते आणि मूळ सूर जास्त ठळक वाटतो. हे काही नवीन फॅड नाही, अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीने १९२२ मध्ये स्टीलच्या तारांसाठी जी २-१७ नावाची छोटी गिटार काढली ती पूर्ण महोगनीचीच होती, टॉपसकट. ब्लूज वाजवणारे, किंवा घरी बसून गाणी म्हणणारे, यांना हा आवाज खूप आवडतो. ज्यांना तारांची झणझणीत चमक हवी त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

पण नुसत्या नावाने काही होत नाही हो, आणि हेच आम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. एकाच झाडातल्या दोन फळ्यासुद्धा वेगळ्या निघतात, म्हणून आम्ही प्रत्येक फळी हातात धरून वाकवून बघतो, टकटक करून ऐकतो आणि मग जाडी ठरवतो. जाडीचा हिशोब फार नाजूक आहे. ३ मिलिमीटरचं टॉप २.७ केलं तर वजन कमी होतं १० टक्के, पण ताठपणा कमी होतो तब्बल २७ टक्के, कारण ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. छोट्या गिटारमध्ये फळी लहान म्हणून ती आपोआप जास्त ताठ वागते, त्यात स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, छोटा असेल तर ताणही कमी, म्हणजे २५.४ इंचाऐवजी २३.५ इंच घेतला तर त्याच तारांना त्याच सुरात साधारण १४ टक्के कमी ताण लागतो. त्यामुळे छोट्या गिटारचं टॉप आणि आतल्या पट्ट्या म्हणजे ब्रेसिंग मोठीपेक्षा पातळ ठेवता येतं आणि ठेवायलाच पाहिजे. मोठ्या गिटारची जाडी तशीच छोटीवर लावली की आवाज पेटीत कोंडल्यासारखा येतो, मग लाकूड कितीही भारी असो. स्वस्तातल्या अनेक छोट्या गिटारींचा खरा प्रॉब्लेम हाच असतो, त्यात वरून जाड पॉलिशचा थर.

सॉलिड का लॅमिनेट, हा प्रश्न पाठीच्या लाकडापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. सॉलिड म्हणजे अख्खी फळी, लॅमिनेट म्हणजे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले. आडव्या थरामुळे फळीचा स्वभाव बदलतो, ती टिकाऊ होते पण मोकळी हलत नाही. ओळखायचं कसं, तर साउंडहोलची, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाची, कड नीट बघा, वरच्या रेघा कडेतून तशाच खाली उतरत असतील तर सॉलिड, थर दिसले तर लॅमिनेट. बजेट कमी असेल तर टॉप सॉलिड घ्या आणि पाठ-साइड्स लॅमिनेट चालतील, खरंच चालतील, आम्ही स्वतः तशी मॉडेल करतो.

आता येऊ पाठीवर. १८६२ मध्ये स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी एक गिटार बनवली जिचं टॉप लाकडाचं आणि पाठ-बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. टॉपच किती महत्त्वाचं आहे ते त्यांना दाखवायचं होतं, ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडे, २०१८ मध्ये, लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सहा गिटारी बनवून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ-साइड्सचं लाकूड वेगळं, ब्राझिलियन रोझवुडपासून सपेलेपर्यंत, आणि ५२ वादकांना लाकूड दिसणार नाही असे गॉगल घालून वाजवायला दिल्या. वादकांनी सहाही गिटारींना जवळपास सारखेच मार्क दिले, महाग लाकूड वर आलं नाही. याचा अर्थ पाठीचा काहीच परिणाम नाही असं आम्ही म्हणत नाही. रोझवुड घनमीटरला ८३० किलोच्या आसपास, जड आणि दाट, त्यात आवाज थोडा जास्त रेंगाळतो असं आमच्या कानांना वाटतं, महोगनीत तो लवकर आवरता येतो. पण हा फरक मिठाएवढा आहे, भाजी टॉपच्या लाकडाची. म्हणून फक्त रोझवुडसाठी बजेट ताणू नका.

आणि रोझवुड म्हणजे परदेशातलं काहीतरी असं समजू नका, ही आपली शिसव, दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली. जुन्या वाड्यांतली शिसवी कपाटं ज्या लाकडाची तेच. मार्टिनने १९६९ पासून ब्राझिलियन सोडून भारतीय रोझवुड वापरायला घेतलं आणि आज जगभरच्या गिटारींना हेच लागतं.

आमच्या काही मॉडेल्सना आम्ही पाठीला तून नावाचं लाकूड वापरतो. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या तानपुरा आणि सतारीला तून लावत आलेत, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते तुम्ही वाचलं असेलच. तून, महोगनी आणि क्लासिकल गिटारच्या नेकला लावतात तो स्पॅनिश सीडर, तिन्ही एकाच कुळातले, कडुलिंबाच्या. तून महोगनीपेक्षा हलका, रंग लालसर, काम करायला गुणी, आणि आवाज महोगनीच्या खूप जवळ जातो. किमतीतही परवडतो. आम्हाला मनापासून वाटतं की गिटारवाल्यांनी याच्याकडे जास्त बघायला पाहिजे.

शेवटी हवामान, कारण आपल्याकडे हे सोडून चालत नाही. लाकूड रेघांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, पावसाळ्यात घरची दारं घट्ट बसतात तेच. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि कोकण-मुंबईत जुलैमध्ये ती ८० च्या वर असते, तर मेमध्ये नागपूर किंवा संभाजीनगरकडे दुपारी २०-२५ वर येते. ओल वाढली की टॉप फुगतं, ब्रिज, म्हणजे टॉपवर तारा अडकवायची पट्टी, वर उचलतो, ॲक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची उंची, वाढते, आवाज दबतो. कोरडं झालं की टॉप खाली बसतं, तारा बझ करतात म्हणजे खरखरतात, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला लागतात आणि फार झालं तर तडा जातो. पातळ सॉलिड टॉप याला जास्त हळवं असतं, हा त्याच्या चांगल्या आवाजाचाच दुसरा भाग आहे. गिटार केसमध्ये ठेवा, भिंतीवर टांगू नका, आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर आत टाका, पावसाळ्यात सिलिका जेल आणि उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज, नीट पिळलेला. ज्यांना गिटार ट्रेनमध्ये, ट्रेकला, हॉस्टेलवर न्यायची आहे आणि एवढी काळजी जमणार नाही, त्यांना आम्ही सरळ पूर्ण लॅमिनेट घ्यायला सांगतो, त्यात कमीपणा काही नाही.

बघायला याल तेव्हा लेबल न वाचता वाजवा, एकाच साइझच्या दोन-तीन गिटारी, तुमचं नेहमीचंच गाणं, नेहमीच्याच हाताने, आणि सोबत कोणी असेल तर त्याला समोर चार-पाच फुटांवर बसवा, कारण वाजवणाऱ्याला आणि समोरच्याला ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. डेमो गिटारच्या तारा जुन्या वाटल्या तर सांगा, नवीन चढवून देतो, त्याचे पैसे घेत नाही, कारण जुन्या तारांवर कुठल्याच लाकडाचा आवाज धड कळत नाही.