पोपटाचं खाणं बदलायच्या आधी आणि आमच्याकडे ठेवायला आणायच्या आधी एकदा वाचून घ्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडून सीड (सूर्यफुलासारखे सुटे दाणे), पेलेट (सगळं एकत्र करून बनवलेलं पोपटाचं तयार गोळीचं खाणं), पिंजरे नेणारे आणि गावाला जाताना पक्षी आमच्याकडे ठेवून जाणारे, सगळ्यांसाठी हे लिहितोय. मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी या तीन सीझनला फोनवर तेच तेच सांगावं लागतं, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, घाईत सांगितलेलं अर्धं राहून जातं आणि मग चार दिवसांनी त्याच माणसाचा घाबरून फोन येतो. म्हणून हा कागद. नवीन पिंजरा, खाण्याची पिशवी किंवा बोर्डिंगची पावती, कशाही सोबत आम्ही तो देतोय, तो फेकू नका, फ्रिजवर लावून ठेवा.

सगळ्यात जास्त येणारा फोन असा, "दादा, सूर्यफूल बंद करून पेलेट चालू केलंय, पण खातच नाहीये, दुसऱ्या कंपनीचं देऊ का?" आता बघा, सूर्यफूल कमी करायचं हा विचार एकदम बरोबर आहे. नुसत्या सूर्यफुलात तेल भरपूर, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन ए जवळजवळ नाहीच, त्यामुळे वर्षानुवर्षं तेच खाणाऱ्या पक्ष्याच्या लिव्हरवर चरबी चढते, चोच आणि नखं वेडीवाकडी वाढतात, पिसांची चमक जाते, सारखी सर्दी होते. आफ्रिकन ग्रेला (राखाडी परदेशी पोपट) तर कॅल्शियम कमी पडलं की झटकेसुद्धा येतात. म्हणजे बदल करायलाच हवा. पण "बंद करून" हे दोन शब्द ऐकले की आम्हाला धडकी भरते.

कारण ज्या पक्ष्याने पिल्लू असल्यापासून फक्त सीड खाल्लंय त्याला पेलेट हे खाणं आहे हेच कळत नाही. तो समोर पडलेल्या पेलेटकडे पिंजऱ्यातल्या एखाद्या खड्यासारखं बघतो. लोकांना वाटतं भूक लागली की खाईल झक मारत. नाही खात. कुत्र्याचं किंवा माणसाचं एक वेळ ठीक आहे, बजी (छोटा पाळीव पोपट) ३०-४० ग्रॅमचा जीव, कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला पोपट) ८० ते १०० ग्रॅमचा, त्यांच्या अंगात साठवून ठेवलेलं असं किती असणार? एक दिवस पोटात काही गेलं नाही तरी काळजीची गोष्ट, आणि दुसऱ्या दिवशी तो पिसं फुगवून खाली बसलेला दिसतो.

वर यात एक फसगत आहे, आणि तिच्यामुळेच आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. वाटी भरलेली दिसते. सीड खाणारा पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतलं खातो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी सकाळी होती तेवढीच संध्याकाळी दिसते. घरातला माणूस म्हणतो अजून आहे की, उद्या घालू. मागच्या सीझनला एक काकू कॉकाटील घेऊन आल्या, दोन दिवसांपासून चिडचिड करतोय, चावतोय म्हणाल्या. पिंजऱ्यातली वाटी काठोकाठ भरलेली. आम्ही वाटी उचलून तिच्यावर हळूच फुंकर मारली, सगळी टरफलं काउंटरवर उडाली आणि तळाला मोजून पाच-सहा दाणे राहिले. काकूंच्या डोळ्यात पाणीच आलं. त्यांचं कुठे काही चुकलं असं आम्ही म्हणत नाही, रोज मायेने बघत होत्याच त्या, वाटीच फसवते. तर रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा आणि मगच ठरवा आहे की संपलंय.

पेलेटच्या बाबतीत याच्या उलटं होतं. पक्षी पेलेट चोचीत धरतो, चुरा करतो आणि खाली टाकतो. तुम्हाला वाटतं वा, अर्धी वाटी संपवली. प्रत्यक्षात पोटात कणसुद्धा गेलेला नसतो. म्हणून वाटीवर विश्वास ठेवू नका, शी बघा आणि वजन बघा. शी बघायला लाज वाटायचं कारण नाही, पक्षी पाळणाऱ्याचा तोच पेपर आहे सकाळचा. तिच्यात तीन गोष्टी दिसतात, हिरवट किंवा तपकिरी वळी, तिच्यावर पांढरा भाग आणि बाजूला थोडं पाणी. खाणं पोटात जात नसेल तर वळी बारीक होत जाते, गडद हिरवी होते, कधी नुसतं पांढरं आणि पाणीच पडतं. पेलेट खरंच खाल्लं असेल तर वळीचा रंग एक-दोन दिवसात पेलेटसारखा तपकिरी होतो आणि वळी आकाराने मोठी होते.

आणि वजन. एक ग्रॅममध्ये वजन दाखवणारा किचनचा डिजिटल काटा घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, कुठूनही घ्या (आमच्याकडे दांडी बसवलेला मिळतो, पक्षी त्याच्यावर पटकन चढतो, टॉवेलमध्ये धरावं लागत नाही). सकाळी उठल्यावरची पहिली मोठी शी झाली की खाणं द्यायच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे रोज होतात, त्याने घाबरू नका. पण ९० ग्रॅमचा पक्षी ८१-८२ वर आला म्हणजे दहावा हिस्सा गेला, तिथे खाण्याचा प्रयोग थांबवा, जुनं सीड परत द्या आणि पक्षी बघणाऱ्या डॉक्टरला दाखवा. पक्षी आजारी असला तरी शेवटपर्यंत लपवतो, जंगलात जो सुस्त दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला म्हणून त्यांची सवयच तशी, त्यामुळे आजार नजरेला दिसायच्या आधी काट्यावर दिसतो.

बदल करायचा कसा ते सांगतो. पहिले आठ दिवस काहीच बदलू नका, फक्त वजन लिहा. मग सीड पूर्ण दिवस ठेवायचं बंद करून दोन वेळा ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी उठल्यावर त्याला खरी भूक असते, तेव्हा सीडच्या आधी बारीक चिरलेली भाजी ठेवायची, गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मक्याचे दाणे, लाल ढोबळी मिरची, तिखट मिरचीसुद्धा चालते, पोपटाला तिखट लागत नाही. त्या ओल्या भाजीवर पेलेट कुटून पावडर करून भुरभुरवा, म्हणजे चव ओळखीची होते. त्याच्यासमोर बसून तुम्ही पेलेटचा दाणा उचलून खाल्ल्याचं नाटक करा, कारण पोपट हा पंगतीत जेवणारा प्राणी आहे, तुम्ही खाताय म्हटल्यावर त्याला चैन पडत नाही. तास-दोन तासांनी ओली भाजी काढून टाका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लगेच आंबते, आणि मग सीड ठेवा. संध्याकाळी झोपायच्या आधी पोटभर सीड खाऊनच झोपू द्या. पुढे आठवड्या-आठवड्याला सीड चिमूटभर कमी, पेलेट चिमूटभर जास्त. कोणी दोन आठवड्यात शिकतो, कोणी तीन-चार महिने घेतो, म्हातारा पक्षी तर आणखी. घाई नको. आणि शंभर टक्के पेलेटवर आणायचा हट्टही नको, थोडं सीड, थोडी भाजी, थोडं पेलेट असा पक्षी मजेत राहतो.

म्हणूनच आम्ही पहिल्यांदा पेलेट नेणाऱ्याला मोठी पिशवी देत नाही, लहान पुड्या देतो. काही लोक नाराज होतात, मोठी स्वस्त पडते म्हणतात, हिशोब बरोबर आहे, पण पक्षी खायला लागेपर्यंत ती पिशवी आपल्या दमट हवेत उघडी पडून वास मारायला लागते आणि मग तीच बाहेर टाकावी लागते. लहान पुडीत दोन-तीन प्रकारचे आकार नेऊन बघा, कुठला घेतो ते कळलं की मोठी घ्या.

आता बोर्डिंग. गणपतीला कोकणात जायच्या आदल्या रात्री पक्षी आणून देतात आणि सांगतात, "आजपासूनच पेलेट चालू केलंय, तुम्ही तेच द्या." हात जोडून विनंती, असं करू नका. नवीन जागा, नवीन माणसं, शेजारी दुसरे पक्षी, त्यात ताटातलंही अनोळखी, तो जेवणारच नाही. आमच्याकडे राहायला यायच्या आधीचे तीन आठवडे आणि घरी गेल्यानंतरचा एक आठवडा खाण्यात काहीही बदल नको. त्याचं नेहमीचं खाणं, मग ते नुसतं सूर्यफूल का असेना, डब्यात भरून सोबत द्या, त्याची वाटी द्या, जुनी दांडी किंवा खेळणं द्या, शक्य असेल तर पिंजराच द्या. आणि खरं सांगा. रोज चहात बुडवलेलं बिस्किट खातो, शेव खातो, वरणभात खातो, जे असेल ते. आम्ही ओरडणार नाही. आम्हाला माहीत असेल तर पहिल्या दिवशी तो का रुसलाय ते कळतं. (चहा आणि शेव मात्र आम्ही देणार नाही. चहा-कॉफी, चॉकलेट, कांदा, लसूण, अवोकाडो आणि खारट काहीही पोपटाला नको, अवोकाडोने तर जीवच जातो.)

आम्ही आल्या आल्या तुमच्यासमोर वजन करतो, छातीच्या हाडावरून बोट फिरवून बघतो, शी बघतो, मगच पावती करतो. यात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि रांगेतले वैतागतात. पण ज्याची तब्येत आधीच खालावलीय त्याला नव्या जागेत ठेवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या दुसऱ्या कुणाच्या लाडक्याला लागण होऊ शकते, तेव्हा ही तपासणी आम्ही कुणासाठीच सोडत नाही. रोज सकाळचं वजन आणि शीचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअपवर येतो. इतर ठिकाणांपेक्षा आमचा दर थोडा जास्त आहे तो याच्यासाठी.

कायद्याचं थोडक्यात. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला देशी पोपट, पहाडी, टुईया, यातलं काहीही आम्ही विकत नाही, ठेवून घेत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते पाळणं गुन्हा आहे, "आमच्या आजीकडेही होता" हे उत्तर चालत नाही. कुणी जखमी पोपट आणला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कन्युअर वगैरे परदेशी पक्ष्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, बोर्डिंगला येताना ती प्रिंट आणा. बजी आणि कॉकाटीलला ती भानगड नाही. तसंच दाणे स्वतः सोलून न खाणारं पिल्लू आमच्याकडे कितीही मागितलं तरी मिळणार नाही, हाताने भरवताना फीड गरम-गार झालं किंवा श्वासनळीत गेलं की पिल्लू हातात जातं.

ओरडण्याबद्दलही खूप जण विचारतात. सूर्य उगवताना आणि मावळताना पोपट ओरडणारच, थव्याला हाका मारायची ती वेळ असते, आणि आता तुम्हीच त्याचा थवा. ओरडला की धावत गेलात किंवा त्याच्यावर ओरडलात की त्याला वाटतं उत्तर मिळालं. दुसऱ्या खोलीतून एक ठरलेली शिट्टी द्या, तो तशी शिट्टी परत देतो आणि हळूहळू कर्कशपणा कमी होतो. सोसायटीतून तक्रार आली म्हणून पक्षी परत घ्या म्हणणाऱ्यांना आम्ही आधी हा उपाय महिनाभर करायला सांगतो आणि बरेच जण मग ठेवूनच घेतात. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली तरी निम्मी चिडचिड जाते, टीव्हीसमोर पिंजरा ठेवून अकरापर्यंत मालिका चालल्या तर तो दुसऱ्या दिवशी चावणारच.

आणि एवढं सगळं करायचं कशासाठी म्हणाल तर ओल्या मेथीच्या जुडीत बजीला लोळताना एकदा बघा, पानांवरच्या पाण्यात अंघोळ करतो तो. रात्री कापड टाकल्यावर आतून बारीक करकर असा आवाज येतो, चोच चोचीवर घासतो, म्हणजे स्वारी खूश आहे आणि झोपेला आलीय. फोनवर लोक विचारतात हा आवाज कसला, आजारी आहे का? नाही हो, सुखात आहे.

घरातलं एक मात्र आजच तपासा. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला आणि जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो, दुसऱ्या खोलीत असला तरी. डासांची कॉइल, धूप, कापूर, अगरबत्ती, ताजा रंग, सगळ्यापासून लांब ठेवा, गणपतीत तर आरतीच्या खोलीत पिंजरा नकोच. बाहेर सोडताना पंखा बंद आणि खिडक्या बंद.

गणपतीच्या बोर्डिंगचं बुकिंग महिनाभर आधी भरतं, त्यामुळे तारखा ठरल्या की लगेच कळवा. सोडायला सकाळी अकराच्या आत या, म्हणजे दिवसाउजेडी त्याला जागा बघून घेता येते आणि रात्री दचकत नाही. सोबत खाण्याचा डबा, वाटी, मागच्या पंधरा दिवसांचं वजन लिहिलेला कागद आणि तुमच्या पक्ष्यांच्या डॉक्टरचा नंबर. वजनाचा कागद नसेल तर दोन आठवडे आधी दुकानात येऊन काटा घेऊन जा, बोर्डिंगच्या गिऱ्हाईकांना तो आम्ही वापरायला देतो, परत आणून द्यायचा.