वसई-विरारची महापालिका आणि एकोणतीस गावांचं राजकारण

विरारहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कधीकाळी दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि पानवेली होत्या. त्या पट्ट्यातल्या माणसाला आपण ‘वसईकर’ आहोत हे मान्य असतं, पण आधी तो त्याच्या गावाचा असतो. महापालिकेचा वाद समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते.

3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची 53 गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. चार नगरपालिका एकत्र येण्याला फारसा विरोध नव्हता. रेल्वेलगतची ही शहरं एकमेकांत मिसळूनच गेली होती. सूर्या धरणाचं पाणी, रस्ते, कचरा हे प्रश्न एकट्यादुकट्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेर चालले होते. भांडण झालं ते गावांवरून.

त्या भांडणाची मुळं महापालिकेच्या आधीची आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामांना मोकळा होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. बेसुमार पाणीउपशानं विहिरी खाऱ्या होतील, टँकर आणि बिल्डर वाडीत शिरतील, ही भीती तेव्हापासून लोकांच्या मनात होती. याच काळात, 1990 मध्ये, हितेंद्र ठाकूर वसईतून आमदार झाले आणि पुढे त्यांच्या बहुजन विकास आघाडीची तालुक्यावर पकड बसली. नगरपालिका त्यांच्या हाती होत्या. त्यामुळे 2009 मध्ये गावकऱ्यांनी ‘महापालिका’ हा शब्द ऐकला, तेव्हा त्यांना त्यात दोन गोष्टी एकदम दिसल्या: वाडीवर येणारी इमारत, आणि गावावर येणारी एकाच पक्षाची सत्ता.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या 243-क्यू कलमानुसार लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार असे निकष पाहून राज्यपाल मोठं नागरी क्षेत्र अधिसूचित करतात. हरकती-सूचना मागवल्या जातात, पण ग्रामसभेच्या ठरावानं सरकार बांधलं जात नाही. मला ही या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्या सभेला घटनेनं गावाच्या कारभाराचा पाया मानलं, तिच्याच अस्तित्वाचा निर्णय होताना तिचं मत केवळ एक हरकत ठरतं. समावेश झाला की सरपंच जातो, ग्रामसभा जाते, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतलं गावाचं प्रतिनिधित्वही जातं. उरतो तो वॉर्ड, आणि त्यात शेजारच्या गृहसंकुलांची मतं गावापेक्षा जास्त असू शकतात.

आदिवासी आणि वेठबिगारांसाठी काम करणाऱ्या श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित यांनी गावांच्या या असंतोषाचं नेतृत्व केलं. स्थापनेनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ऑक्टोबर 2009 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि वसईत पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. ज्या मतदारसंघात आघाडीला कोणी हात लावू शकत नव्हतं, तिथं आघाडीचे नारायण मानकर पडले. त्याच वेळी मतदारसंघ पुनर्रचनेत नव्यानं झालेल्या शहरी नालासोपाऱ्यात मात्र आघाडीचेच, हितेंद्र ठाकुरांचे पुत्र क्षितिज ठाकूर विजयी झाले. एकाच तालुक्यात, एकाच दिवशी, शहरानं एक कौल दिला आणि गावांनी दुसरा.

महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत, 2010 मध्ये, आघाडीनं 89 पैकी 55 जागा घेतल्या आणि राजीव पाटील पहिले महापौर झाले. गावांच्या बाजूनं लढलेली जनआंदोलन समिती विरोधात उभी राहिली. मे 2011 मध्ये राज्य सरकारनं या 53 पैकी 29 गावं महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली, आणि गावं पुढची बारा-तेरा वर्षं अधांतरी राहिली. कागदावर वगळलेली, व्यवहारात महापालिकेत.

या अधांतरीपणानं आंदोलनाची धार हळूहळू बोथट केली. लढाई वकिलांच्या हाती गेली की ग्रामस्थ सभेला किती दिवस येणार? 2014 मध्ये हितेंद्र ठाकुरांनी पंडितांचा पराभव केला; 2015 मध्ये महापालिकेच्या 115 पैकी 106 जागा आघाडीकडे गेल्या. विलीनीकरणामुळे पाच वर्षांपूर्वी जो विरोधी पक्ष उभा राहिला होता, तो सभागृहातून जवळजवळ नाहीसा झाला. चार नगरपालिकांत आणि डझनावारी ग्रामपंचायतींत विखुरलेली सत्ता आता एका सभागृहात, एका स्थायी समितीत आली होती. जून 2020 मध्ये मुदत संपल्यावर तर कारभार प्रशासकाकडे गेला आणि गावांचं म्हणणं मांडायला नगरसेवकही उरला नाही.

2024 च्या सुरुवातीला सरकारनं 2011 ची अधिसूचना मागे घेतली आणि 29 गावांचा महापालिकेतला समावेश कायम झाला. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईत भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकुरांना हरवलं. त्या विवेक पंडितांच्या कन्या. नालासोपाराही आघाडीच्या हातून गेला.

आगाशी आज महापालिकेत आहे. तिथून पुढे समुद्राकडे गेलं की अर्नाळा लागतं, ते महापालिकेबाहेर राहिलं. तिथं आजही ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामसभा भरते.