अण्वस्त्र कामगारांची भरपाई : ‘निम्मी शक्यता’ आणि ‘पुरेशी अचूकता’

अमेरिकेतील अण्वस्त्र कारखान्यांत काम करून आजारी पडलेल्यांना अनेक दशके राज्यांच्या कामगार-भरपाई कायद्यांवरच विसंबावे लागले. हे कारखाने कंत्राटदार चालवत. मात्र कामगारांच्या दाव्यांविरुद्ध लढण्याचा कंत्राटदारांचा खर्च सरकार भरून देई. १९९९ मध्ये केंटकीतील पडुका येथील कारखान्यात युरेनियममधून प्लुटोनियमही कामगारांपर्यंत पोहोचत होते, हे गाजले आणि ऑक्टोबर २००० मध्ये संघराज्यीय कायदा झाला. पात्र कर्करोगग्रस्ताला दीड लाख डॉलर एकरकमी आणि उपचारखर्च देण्याचे त्यात ठरले.

वादाचे मूळ पात्रतेच्या निकषात आहे. कर्करोग कामावरच्या किरणोत्सर्गाने झाल्याची शक्यता किमान निम्मी असली पाहिजे. त्यासाठी फिल्म बॅज (अंगावर लावलेली, किरणोत्सर्ग नोंदवणारी पट्टी) आणि लघवीच्या तपासण्यांवरून प्रत्येकाची मात्रा, म्हणजे शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग, नव्याने मांडली जाते. त्यातून शक्यतेचा एकच आकडा न निघता पट्टा निघतो आणि त्याची ९९ टक्के विश्वासाची वरची मर्यादा, म्हणजे जवळपास सर्वांत वरचे टोक, ५० टक्क्यांना पोहोचली तर दावा मान्य होतो. कागदावर हा हिशेब कामगाराच्या बाजूने झुकलेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याला बॅज दिलाच नव्हता, त्याच्या बाबतीत हिशेब गृहीतकांवर उभा राहतो, आणि नोंदी न ठेवण्याचा दोष कामगाराचा नव्हता.

यावर उतारा म्हणून कायद्याने एक विशेष गट केला. पडुका, पोर्ट्समथ व ओक रिज येथील वायू-विसरण (युरेनियम समृद्ध करणाऱ्या) कारखान्यांत ठरावीक काळात किमान २५० दिवस काम केलेल्यांना आणि अलास्कातील अ‍ॅमचिट्का या अणुचाचणीच्या बेटावरील कामगारांना, २२ प्रकारच्या कर्करोगांसाठी मात्रेचा हिशेब द्यावा लागत नाही. इतरांना या गटात येण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मात्रा पुरेशा अचूकतेने काढता येत नसल्याचे ठरावे लागते. किती अचूकता पुरेशी, याचा आकडा कायद्यात नाही. शिवाय हा प्रश्न आधी तपासते ती मात्रा काढणारी संस्थाच.

विषारी रसायनांच्या आजारांचे दावे आरंभी पुन्हा राज्यांकडेच वळवले होते. ती व्यवस्था रखडल्यावर २००४ मध्ये अडीच लाख डॉलरपर्यंतच्या भरपाईचा वेगळा भाग आला.

कोलोराडोतील रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्याच्या कामगार संघटनेने विशेष गटासाठी २००५ मध्ये अर्ज केला. २००७ मध्ये न्यूट्रॉनच्या संपर्कात आलेला मर्यादित गट मान्य झाला. पुढे २०१४ पासून डिसेंबर १९८३ पर्यंतचे कामगार आत आले. त्यानंतर रुजू झालेल्यांना आजही हिशेबाच्याच रांगेत उभे राहावे लागते.