गर्भपात : बाईच्या शरीरावर आणि मनावर होणारे परिणाम (बेळगाव सीमाभाग)

या नोंदीत ठरवून केलेला गर्भपात धरलाय, आपोआप पडलेला नाही. कायद्यानं तो १९७१ च्या एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्यापासून करता येतो (अंमल १ एप्रिल १९७२), आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठराविक कारणांसाठी २४ पर्यंत जाता येतं पण मग दोन डॉक्टर लागतात.

शरीराचं बघितलं तर वेळेत आणि शिकलेल्या हातानं झालेला गर्भपात बाईला सहसा जड जात नाही. नऊ आठवड्यांच्या आत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देतात, कळा येतात, पाळीपेक्षा जास्त अंगावरून जातं आणि मग दोनेक आठवडे थोडं थोडं चालू राहतं. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि हे सलग दोन तास चाललं, किंवा ताप आला, घाण वासाचं पाणी जायला लागलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, कारण आत काहीतरी राहिलेलं असू शकतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला एवढं जाणंही झेपत नाही, आणि निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा अथणीकडं उसात रोजगारावर जाणाऱ्या बाईला विश्रांती सांगितली तरी ती घेणार कधी. अजून बऱ्याच ठिकाणी 'क्युरेटिन' करतात, पण पिशवी खरवडण्यापेक्षा सक्शन (नळीनं ओढून काढणं) बरं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्येच सांगितलंय. नीट झालेल्या गर्भपातानं पुढं मूल राहत नाही ही भीती खोटी आहे, उलट दहाएक दिवसांतसुद्धा बीज सुटू शकतं. स्तनाच्या कॅन्सरशी संबंध जोडायचे तेही २००४ च्या १६ देशांच्या एकत्र अभ्यासात टिकलं नाही.

मनाच्या बाबतीत वाद मोठा आहे. 'गर्भपातोत्तर सिंड्रोम' ही कल्पना साधारण १९८१ च्या सुमारास अमेरिकेत व्हिन्सेंट रू यांनी मांडली, युद्धावरून आलेल्या सैनिकांना होतो तसा मानसिक आघात बाईला होतो असं त्यांचं म्हणणं, पण मानसोपचारातल्या अधिकृत आजारांच्या यादीत हे नाव कधीच आलं नाही. तिथले सर्जन जनरल (सरकारचे मोठे आरोग्य अधिकारी) कूप स्वतः गर्भपाताच्या विरोधातले, तरी १९८९ मध्ये त्यांनीही पुरावे अपुरे आहेत असंच कळवलं. २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या गटानं पहिल्या तीन महिन्यांतल्या एका गर्भपातानं, नको असलेलं मूल जन्माला घालण्यापेक्षा जास्त मानसिक धोका नाही असं म्हटलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक कोलमन यांनी सगळे अभ्यास एकत्र करून उलटा निष्कर्ष काढला, त्यांच्या पद्धतीवर मात्र भरपूर टीका झाली. त्याच वर्षीच्या ब्रिटिश आढाव्यात आधीपासून मनाचा त्रास असणं हीच पुढच्या त्रासाची सगळ्यात मोठी खूण ठरली, आणि हेच जास्त पटण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या 'टर्नअवे' अभ्यासात (गर्भपात मिळालेल्या आणि नाकारलेल्या बायकांची तुलना) पाच वर्षांनंतरही बहुतेक बायकांना निर्णय बरोबरच वाटत होता, सुटल्यासारखं वाटणं ही भावना सगळ्यात जास्त सांगितली गेली. याचा अर्थ रडू येत नाही असा नाही, हुरहूर, अपराधी वाटणं, झोप न लागणं हे होतंच, पण ते बहुतेक वेळा हळूहळू निवळतं.

हे अभ्यास स्वतःच्या मर्जीनं गेलेल्या बायकांचे आहेत. मुलगी नको म्हणून घरच्यांनी जबरदस्तीनं नेलेल्या सुनेचं दुःख त्यात बसवता येत नाही. लिंगनिदानबंदीचा कायदा १९९४ चा, तरी मार्च २०१७ मध्ये सीमेला लागून असलेल्या म्हैसाळला (जि. सांगली) पुरलेली १९ अर्भकं सापडली, आणि जून २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगीत नाल्यात बाटल्यांमध्ये सात. अशा ठिकाणी उशिरा, चोरून केलेल्या गर्भपातात जंतुसंसर्ग, पिशवीला भोक पडणं, जीव जाणं हे सगळं होऊ शकतं आणि त्याचा बोभाटा होऊ नये म्हणून घरचे दवाखान्यात नेत नाहीत.

या पट्ट्यात गावात कळू नये म्हणून लांब जायची रीत आहे, कागवाड-अथणीची बाई मिरजेला, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावात. लपतं खरं, पण दोन आठवड्यांनी तपासायला परत कोण जातंय, आणि अंगावर जास्त जायला लागलं तर गावातल्या आशाताईला काय झालंय ते सांगायची सोय राहत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर 'मालकांची (नवऱ्याची) सही आणा' म्हणतात तेही चुकीचं आहे, अठरा वर्षांपुढच्या बाईची एकटीची संमती पुरते आणि २०२१ पासून तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ ला मान्य केला. मन सावरेना तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, आणि जवळचं मोठं मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल धारवाडला आहे.