डोक्याला मार लागलाय? दाखला मागण्याआधी हे वाचा

कुस्ती-कबड्डीच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो, "मॅडम, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय. उद्या पोराचं वजन आहे, तेवढं फिटनेस सर्टिफिकेट द्या की." आमच्या सांगलीच्या फिजिओथेरपी केंद्रात सगळ्यात जास्त वेळ याच एका बोलण्यात जातो.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही. डोकं जोरात हादरलं की मेंदूचं काम काही दिवस बिघडतं, त्यालाच कन्कशन म्हणतात. त्याचा फोटो निघत नाही. "बेशुद्ध कुठं पडला होता?" हेही कारण चालत नाही, बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. डोकेदुखी, गरगरणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, वाचलेलं लक्षात न राहणं, यांवरून ते ओळखायचं. आणि मैदान जवळ आलं की मुलं नेमकं हेच लपवतात. वस्तादांनी तालमीत सगळ्यांसमोर एकदा सांगावं, "डोकं दुखलं तर बोल, तुझी जागा जात नाही." मग बोलतात.

मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर दुखणं लांबतं. क्वचित मेंदूला सूज येऊन मूल दगावतं. म्हणून आम्ही अडून बसतो.

पहिले १-२ दिवस हलकी विश्रांती, मोबाइल कमी, घरात चालणं-फिरणं चालेल. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत झोपवू नका. मग शाळा, हळूहळू चालणं-सायकल, हलकी धाव, एकट्यानं डावांचा सराव. जोर मारताना डोकं खाली जातं, ते घाईनं नकोत. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर एक पायरी मागे. जोडीदाराशी पकड किंवा कबड्डीची चढाई मात्र सगळा त्रास थांबल्यावर आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच. बहुतेक मुलं महिन्याभरात मैदानात परततात.

दाखल्यावर सही डॉक्टरांचीच लागते. आम्ही तोल, मान, नजर तपासून त्यांना अहवाल देतो. मधल्या पायऱ्यांची विचारपूस फोनवर करतो, त्याचे पैसे घेत नाही. हंगामाआधीच तोल आणि स्मरणाची नोंद करून ठेवली तर नंतर तुलना सोपी जाते. १० मुलं असतील तर आम्हीच तालमीत येतो.

वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी, गुंगी, हातापायांत अशक्तपणा, मानेत तीव्र वेदना यांतलं काहीही दिसलं तर आम्हाला फोन करत बसू नका. मुलाला तडक मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.